एकेचाळीसचे एकोणपन्नास

प्रिय ठमे,

तुझं पुस्तक वाचून झालं. चार दिवस लागले, कारण एक तर डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, आणि दुसरं म्हणजे पानापानावर थांबून मी म्हणत होते, अगं, हा तर आपलाच जिना. खालच्या मजल्यावरची लायब्ररीवाली सांगत होती की हल्लीची पोरं असल्या गोष्टींवर तुटून पडतात. श्रीमंतांची शाळा, बंद फाटक, एक चोरी, एक मुलगी गायब. तिला काय ठाऊक, त्या फाटकाच्या आत आपण दोघी बारा वर्षं राहिलो, तू विद्यार्थिनी म्हणून आणि मी शिवणखोलीतली बाई म्हणून.

वसतिगृहाच्या मोठ्या बाई तू अगदी खाष्ट रंगवल्यास. प्रत्यक्षात त्याहून वाईट होत्या, पण असू दे. शिवणवालीला मात्र दोन पानांत आटोपलंस, आणि तीही केवढी गोड. मी इतकी गोड कधी होते गं? कुणाचं बटण तुटलं की मी आधी फैलावर घ्यायची आणि मग सुई. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने नंबर घालणं हे माझं काम. तुझा एकेचाळीस, तुझ्या मैत्रिणीचा, भिंगरीचा, एकोणपन्नास. तुम्ही दोघी माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून एकाच वहीत रहस्यकथा लिहायचात, एक पान तिचं, एक पान तुझं. मोठ्या बाईंनी ती वही जप्त केली तेव्हा तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस. ते मला दिसलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

आता एकशे चाळिसावं पान. तुझी नायिका ऑफिसच्या खिडकीतून आत शिरते ती जप्त झालेली वही आणायला. मी पुस्तक मिटलं. ठमे, तू वहीसाठी गेली होतीस?

त्या दुपारी शिपाई एक स्वेटर घेऊन आला. ऑफिसच्या खिडकीच्या कडीला अडकलेला सापडला म्हणे, आणि कपाटातला वार्षिक परीक्षेचा पेपर नाहीसा. कुठला नंबर कुणाचा ही यादी माझ्याकडे, म्हणून स्वेटर माझ्याकडे. त्याने कॉलर बघितलीसुद्धा नाही, टेबलावर टाकून चहाला गेला. मी कॉलर उलटली. एकेचाळीस. वाटलं, पेपर तूच घेतलास. आता तुला काढतील, मला काढतील, तुझं शिक्षण संपलं. एकाचा नऊ करायला चार टाके लागतात. मी ते घातले, आणि दुरुस्तीला आलेला भिंगरीचा खरा स्वेटर पेटीत दडवला. भिंगरीचे वडील मोठे, आठवड्यात दुसरी शाळा मिळेल, अशी मनाची समजूत घातली. तिला काढलं, आणि दुसरी शाळा मिळालीही. महिन्याने पेपर कारकुनाच्याच फाइलीत सापडला, पण तिला परत कुणी बोलावलं नाही, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. तुला एका शब्दाने विचारलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.

पुस्तकात तुझ्या नायिकेला कॉलर दिसते. जुने टाके धुऊन गुलाबी झालेले, चार मात्र ताजे लाल. मग तू त्याबद्दल पुढे काहीच लिहीत नाहीस. लायब्ररीवाली म्हणाली, लेखिका एवढं विसरली बघा. विसरली कसली. तुला तेव्हापासून माहीत होतं. बोललीस तर आई रस्त्यावर, न बोललीस तर मैत्रीण. तू गप्प राहिलीस, आणि मोठी झाल्याबरोबर निघून गेलीस. नऊ वर्षं झाली. कधी काम असतं, कधी पुढच्या महिन्यात येणार असतेस. शेजारणींना मी सांगते, फार मोठी झालीय, वेळ नसतो. तुझ्या खाटेवरची चादर दर रविवारी बदलते, कुणी निजत नाही तरी. मला तुझी फार आठवण येते गं. पत्रात लिहायला सोपं जातंय, फोनवर जमलं नसतं.

आता खरं काम सांगते. मागच्या आठवड्यात मी भिंगरीला गाठलं. दातांची डॉक्टर झालीय. पेशंट म्हणून नंबर लावला आणि खुर्चीत आडवी पडून सगळं ओकले. तू वहीसाठी गेलीस हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. पण इतकी वर्षं ती समजत होती की तू मुद्दाम तिचा स्वेटर घालून गेलीस. मी म्हटलं, ठमी स्वतःचाच घालून गेली होती, ते चार टाके माझे, आणि ठमीचं तोंड बांधलं गेलं ते माझ्यामुळे. तिने हातमोजे काढून टाकले. वाटलं, आता हाकलणार. पण तिने एवढंच विचारलं, "ती वही अजून तिच्याकडे आहे का?" मी म्हटलं, विचारून सांगते. ती येत्या रविवारी चार वाजता माझ्याकडे येतेय. वही असेल तर घेऊन ये. नसेल तरी ये.

तुझीच,
आई