चाकांखाली दोन लाकडं

मेन राज्याचं उत्तर टोक, नदीकाठ
५ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा क्लोव्हिस यांस,

फिलियासचा सप्रेम नमस्कार, वि. वि. तुमची तब्येत ठणठणीत असेलच. फ्लोरिडात अर्ध्या चड्डीत बसून संत्री सोलणाऱ्या माणसाच्या तब्येतीला काय धाड भरलीय? आम्हीही मजेत आहोत. आज सकाळी पारा उणे तीसवर होता, माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही, आणि तुमची बहीण लेओंतीन तीन दिवस माझ्याशी फक्त मीठ-साखरेपुरतं बोलते आहे. पत्रास कारण की, जाण्यापूर्वी तुम्ही जो स्किडर माझ्या गळ्यात मारलात, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. रानातून ओंडके ओढून आणणारं इतकं गुणी यंत्र तुम्ही माझ्या बर्फगाडीच्या बदल्यात दिलंत, हा तुमचा मोठेपणा. (फ्लोरिडात बर्फगाडीचं तुम्ही काय करता, तेही सवडीने कळवावे.)

तुम्हाला ठाऊकच आहे, ऑक्टोबरच्या वादळात आमच्या बाबांच्या रानातली निम्मी स्प्रूसची झाडं आडवी झाली. ती उन्हाळ्यापर्यंत पडून राहिली तर किडे खाणार, आणि बर्फ वितळला की रानात पाय ठेवता येणार नाही एवढा चिखल. म्हणजे जे काही करायचं ते थंडीतच. त्यावर लेओंतीनने अट घातली. शाँदलरच्या सणाला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, एक तरी ओंडका स्वतःच्या यंत्राने ओढून अंगणात आणलास तर रान ठेवू. नाहीतर रान विकायचं आणि तुमच्या शेजारचं रिकामं घर घेऊन कायमचं फ्लोरिडाला यायचं. तुमच्या शेजारी! उठल्याबरोबर कुंपणापलीकडे तुमचं तोंड! ते रान माझ्या बाबांनी कुऱ्हाडीने राखलं, तिथे मी चालायला शिकलो, आणि ते सोडून मी म्हातारपणी तुमच्या संत्र्यांना पाणी घालू? मी तिथल्या तिथे अट कबूल केली.

आता कबूल केली खरी, पण मी तेहतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली. लाकूड माझ्यापर्यंत लगदा होऊनच यायचं. त्यामुळे फोनवर तुम्ही "अरे, नुसतं बसायचं आणि निघायचं" असं म्हणालात, ते मी खरं धरलं. तुमच्या इथल्या घरामागे गेलो तर स्किडर चारही चाकांनी जमिनीत! नोव्हेंबरच्या चिखलात तुम्ही तो उभा केलात आणि विमान पकडलंत. मग चिखल गोठला. शेजारचा डोनात सोबत होता. तो खाली वाकून बघून इतका हसला की त्याची कवळी बर्फात पडली. "फिलियास, अरे थंडीत यंत्र उभं करताना चाकांखाली दोन आडवी लाकडं टाकतात. हे तर आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात!" मला नाही कुणी शिकवलं. पण क्लोव्हिस, तुला शिकवलं होतं ना रे शहाण्या? चाळीस वर्षं रानात काढलीस, आणि दोन लाकडं टाकताना तुझे हात मोडले होते? (पाहिलंत, रागात अरेतुरेवर आलो. क्षमस्व.)

मेपलचा पाक आटवायची आमची मोठी कढई आठवते ना? तीत पाणी उकळून मी चाकांभोवती ओतलं. ही माझी कल्पना. पाणी छानपैकी गोठलं आणि जिथे नुसता चिखल होता तिथे आता काचेसारखा बर्फही झाला. मग डोनातच्या कल्पनेने पेंढा आणि निखारे पसरून चार दिवस आम्ही जमीन शेकत बसलो. टायरला आग लागू नये म्हणून मी एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन उभा. गावातले लोक गाड्या थांबवून विचारायचे, काय भाजताय? पाचव्या दिवशी डोनातच्या ट्रॅक्टरने ओढून तो कोठारात आणला.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण सविस्तर लिहायला सभ्य शब्द पुरणार नाहीत. डिझेल गोठून साजूक तूप झालं होतं. हवेच्या जाळीत उंदरांची तीन पिढ्यांची वस्ती होती. सीटखाली तुमचा जेवणाचा डबा सापडला, त्यात तुम्ही अर्धवट खाल्लेलं काहीतरी होतं. (तो पाव होता की मांस, यावर माझं आणि डोनातचं अजून एकमत नाही.) इंजिनाचे भाग धुऊन वाळवायला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, तर लेओंतीन एक दिवस प्लॉय नावाची आपली धिरडी घालता घालता पिठाऐवजी ग्रीसच्या डब्यात पळी बुडवून बसली. ती तुमचीच बहीण, तेव्हा त्या दिवशी जे झालं त्याची कल्पना तुम्हीच करा. खोटं कशाला बोलू, बॅटरी मात्र चांगली निघाली. बाहेर इतकी थंडी, पण रोज सकाळी बघावं तर कोमट. आणि हो, ब्रेक नाही, हे तुम्ही बोलायला विसरलात. थांबायचं तर पुढचं पातं जमिनीवर आपटायचं, हे मला कोठाराचं दार मोडल्यावर कळलं.

शाँदलरच्या दिवशी हवा अचानक उबदार झाली, बर्फ पाणी पाणी. मी किल्ली फिरवली आणि क्लोव्हिसराव, तो सुरू झाला! काळा धूर, कान फाटतील असा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (धुराने). रानात गेलो, एका स्प्रूसला तार बांधली, विंचच्या रहाटाने ओढली आणि अंगणात घेऊन आलो. हा स्किडर मधोमध कमरेत वाकतो, मी आता वाकत नाही, त्यामुळे वळणावर आमचं एकमेकांशी पटलं नाही आणि आम्ही थेट तुमच्या बहिणीच्या मेरीमातेवर निघालो. ती तिथे उभ्या पुरलेल्या अर्ध्या न्हाणीटबात हात पसरून उभी. मी पातं टाकलं. वीतभर अंतरावर थांबलो. डोनातने टोपी काढून क्रूस केला. मग थोडा मागे घेतला, इंजिन बंद केलं, आणि विजयी वीर धिरडी खायला घरात शिरला. चौदा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उणे तीस. स्किडर गॅरेजच्या दारासमोर, चारही चाकांनी चिखलात, गच्च. लेओंतीनची गाडी आत. लाकडं टाकायची राहिली. आता ती म्हणते, अट चालत्या यंत्राची होती, गोठलेल्या नव्हे. आणि तिने माळ्यावरून मोठी बॅग काढली आहे.

कळावे, लोभ आहेच. तो थोडा कमी झाला तरी माझी हरकत नाही.

तुमचा,
फिलियास

ता. क. — खरं काम हे. तुमच्या शेजारचं घर विकलं गेलं, असं लेओंतीनला फोन करून सांगा. खोटं असलं तरी सांगा. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे रान गेलं तर मला कुठे जायचं ते कळणार नाही, क्लोव्हिस.

ता. क. दुसरा — पत्राला चिकटपट्टी लावून दिली आहे. पोस्टाची तिकिटं लेओंतीनच्या पर्समध्ये असतात म्हणून पाकीट तेवढं तिच्याकडे देतो. ती दुसऱ्याची पत्रं फोडत नाही.

दादा,
चिकटपट्टी वाफेवर लगेच निघते. तुझ्या शेजारी रिकामं घर कधी नव्हतंच, हे आपल्या दोघांतच राहू दे. त्याला मोडकं यंत्र दे असं मी म्हणाले होते, इतकं मोडकं दे म्हणाले नव्हते. बॅटरी रोज संध्याकाळी मी घसरगाडीवरून ओढत चुलीपाशी आणत होते आणि फिलियास उठायच्या आत परत ठेवत होते, माझी कंबर गेली. पण गिरणीतून निवृत्त झाल्यापासून वर्षभर तो नुसता खिडकीशी बसून नदी बघत होता, मला भीती वाटायची. आता जेवताना बोलतो. सगळं स्किडरबद्दलच बोलतो, पण बोलतो. दोन लाकडं मी पडवीत काढून ठेवली होती, ती त्याने चुलीत घातली. घर विकलं गेल्याचा फोन एक-दोन आठवड्यांनी कर, लगेच नको. आणि तुझ्याकडे अजून काही मोडकं पडलं असेल तर दुरुस्त करू नकोस, तसंच राहू दे.
लेओंतीन