आभारप्रदर्शन माझ्याकडे

४ मार्च, सोमवार
आज दुकानात कोच आले होते. क्लबच्या बाथरूममधली एक फरशी फुटली आहे, तिच्या जोडीची पाहायला. मिळाली नाही, ते डिझाइन कंपनीने कधीच बंद केलं. पण जाता जाता म्हणाले की २३ तारखेच्या बक्षीस समारंभात आभारप्रदर्शन तुम्हीच करा.

मी चेहरा सरळ ठेवला. आतून मात्र हरखून गेलो. शेवटी दखल घेतली गेली! अख्खा सीझन मी आमच्या हॉकी संघावर ब्लॉग लिहितोय. नाव 'डीच्या आतून'. (गोलसमोरच्या अर्धगोलाला डी म्हणतात. हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, ही आपल्याकडच्या हॉकीची शोकांतिका.) आणि आजवर क्लबमधल्या एकाही माणसाने त्याबद्दल ब्र काढला नव्हता. लाजत असणार. कोच असंही म्हणाले की दुसरं कोणी तयारच होत नाहीये. साहजिक आहे. मी असताना माइक धरायची कोणाची छाती होणार?

ठराव: क्लबचे आभार दोन मिनिटांत उरकायचे. बाकीचा वेळ माझ्या लिखाणाला ज्यांनी पाठबळ दिलं त्यांच्यासाठी. रोज पहाटे उठून भाषण लिहायचं. उद्यापासून.

५ मार्च, मंगळवार
पहाटे उठलो नाही. गजर झाला होता असं आमची ही म्हणते. तिनेच तो बंद केला आणि मला दोनदा हलवलं, असंही म्हणते. पुरावा काही नाही.

६ मार्च, बुधवार
उठलो. 'सर्वप्रथम' हा शब्द लिहिला. पुढचा शब्द उजाडेपर्यंत आला नाही. प्रतिभा गजर लावून येत नसते. पहाटेचा प्रयोग बंद. आता दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं.

७ मार्च, गुरुवार
गिऱ्हाईक नव्हतं. मालक होते.

८ मार्च, शुक्रवार
मालक बाहेर गेले. लिहायला बसलो.

पहिले आभार मालकांचेच मानायला हवेत. सामने रविवारी असतात आणि रविवार हा आमच्या शोरूमचा मुख्य दिवस. नवरा-बायको जोडीने फरशी पसंत करायला येतात आणि भांडून परत जातात. त्यामुळे या सीझनचा एकही सामना मला प्रत्यक्ष पाहता आलेला नाही. त्याने काही अडत नाही. ही मैदानावर जाते, कठड्याशी उभी राहते आणि फोनवर सांगते. मी गोदामात खोक्यांच्या मागे उभा राहून ऐकतो. म्हणजे फक्त कच्चा माल तिच्याकडून येतो. नजर माझी. सुरुवातीला एकाच सामन्याला जा म्हटलं होतं, मग ती जातच राहिली. घरी कंटाळा येत असणार.

तर मालक. गोदामात फोनवर सापडलो तर ते फक्त पाहतात. एवढं मोठं मन आजकाल कुठे मिळतं?

दुसरे आभार माझ्या सर्वात निष्ठावंत वाचकाचे. मी लेख टाकला रे टाकला की यांची प्रतिक्रिया हजर. 'छान लेख. अशीच माहिती देत राहा. गुडघेदुखीवर आमचं तेल एकदा वापरून पाहा.' नाव देत नाहीत, मी त्यांना गुडघेदुखीवाले म्हणतो. कॅशियर बाई म्हणाल्या की हे मशीन पाठवतं, सगळ्यांना एकच. मी विचारलं, मशीनला गुडघे असतात का? त्या पुन्हा नोटा मोजू लागल्या.

१० मार्च, रविवार
नदीपलीकडच्या संघाकडून हरलो. चार-शून्य.

हिचं वर्णन नेहमीसारखं सपक. आपला तो उंच मुलगा मध्येच बुटाची लेस बांधायला बसलाय. अजून बांधतोय. बॉल गेला बाजूने. अजून बांधतोय. मी लिहिलं, 'उंचापुऱ्या फॉरवर्डने क्षणभर खेळाची गतीच रोखून धरली.' यालाच शैली म्हणतात.

दरम्यान एका गिऱ्हाइकाने जिन्यासाठी फरशी मागितली आणि मी गुळगुळीत पॉलिशवाली दाखवून ऑर्डरही घेतली. मालकांनी वेळेत पाहिलं म्हणून बरं, नाहीतर गिऱ्हाइकाचं अख्खं घर घसरत खाली आलं असतं. चूक माझी नाही. त्याच वेळी फोनवर ऐन गोलसमोरचा शॉर्ट कॉर्नर चालू होता.

संध्याकाळी ही शिंकत घरी आली. मैदानावर फार वारा होता म्हणे. माझा लेख वाचला आणि म्हणाली की सामना संपल्यावर गोलकीपर खांबामागे बसला होता, हेल्मेट न काढता. रडताना कोणी पाहू नये म्हणून. ते का नाही लिहिलंत? मी समजावलं की वाचकाला थरार हवा असतो. ती म्हणाली, कोणत्या वाचकाला? सर्दीने माणूस चिडचिडा होतो.

१५ मार्च, शुक्रवार
भाषण पूर्ण! ही इस्त्री करत होती, तिला संपूर्ण वाचून दाखवलं. क्लबचे अध्यक्ष, कोच, मालक, गुडघेदुखीवाले, कॅशियर बाई (विरोधातून प्रेरणा दिल्याबद्दल) आणि गोदामातसुद्धा रेंज दिल्याबद्दल मोबाइल कंपनी. एकही नाव सुटलं नाही.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, संपलं का? संपलं म्हटलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर नीट दाबली, उलटवली, पुन्हा दाबली. मग म्हणाली, यात माझं नाव कुठे आलं होतं का? की इस्त्रीच्या नादात माझ्याकडूनच निसटलं?

मला हसू आलं. बायकांना भाषणाचं तंत्र माहीत नसतं. म्हटलं, अगं, घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात. मानले की माणूस परका होतो. म्हणून तर शेवटी खास वाक्य ठेवलंय: 'सौभाग्यवतीचे आभार मानून मी तिला परकं करणार नाही, तिच्या ऋणातच राहीन.' किती भारदस्त वाटतं! असं बोललं की सभागृह हेलावतं.

तेव्हा ती म्हणाली, मला एकदा परकं करूनच बघा. परक्यांशी किती छान बोलता तुम्ही.

मी खो खो हसलो. हिला विनोदबुद्धी आहे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लक्षात आलं. वाक्य लगेच भाषणाच्या शेवटी टिपून ठेवलं. टाळ्या घेणार. तिला सांगितलेलं नाही, सरप्राइज.

१७ मार्च, रविवार
सीझनचा शेवटचा सामना. ही अंगावर पांघरूण घेऊन पडून. सर्दी. म्हणाली आज जमणार नाही. मी म्हटलं शेवटचाच तर आहे. ती म्हणाली मग तुम्ही जा. मला दुकान! हे तिला माहीत नाही का?

पण खरा लेखक कच्च्या मालावर अवलंबून नसतो. गोदामात बसून सामना मनात पाहिला आणि लिहून काढला. दोन-एकने विजय. शेवटच्या मिनिटाला उंच फॉरवर्डचा गोल, लेस वाऱ्यावर. आजवरचा माझा सर्वोत्तम लेख. गुडघेदुखीवाल्यांचं लगेच आलं: 'छान लेख.'

संध्याकाळी कोचचा फोन. आज सामना झालाच नाही. समोरचा संघ आला नाही, त्यांची बस बंद पडली. आपण जिंकलो हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, लेखकाला काही गोष्टी आतून कळतात. मग म्हणाले की २३ तारखेला आभार थोडक्यात आवरा, लोकांना भूक लागलेली असते.

माझ्या भाषणाची भूक, असं त्यांना म्हणायचं असावं.

२१ मार्च, गुरुवार
हिची सर्दी गेली. बोलणं मात्र कमी झालंय. रागावलेली नाही, मी नीट निरीक्षण केलं. स्वयंपाक वेळेवर, शर्ट इस्त्रीचे. परकं करण्यावरचं माझं म्हणणं तिला पूर्ण पटलेलं दिसतंय.

२३ मार्च, शनिवार
समारंभ पार पडला. क्लबचा वरचा हॉल, घडीच्या खुर्च्या, मागच्या भिंतीला लागून जेवणाची टेबलं. ही मांडणीच मुळात चुकीची. भाषण समोर आणि जेवण पाठीशी, मग माणसाची मान कुठे वळणार?

हॉल गच्च भरलेला. ही तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. तिने नवी साडी नेसली होती. बक्षिसं झाली, अध्यक्ष बोलले, मग कोचनी जाहीर केलं की आता आभारप्रदर्शन आणि त्यानंतर जेवण. लोकांनी फक्त 'जेवण' ऐकलं.

मी 'सर्वप्रथम' म्हटलं तेव्हा पहिली रांग उठली होती. अध्यक्षांचे आभार मानले तेव्हा अध्यक्ष ताट घेऊन उभे होते. मालक आलेच नव्हते, तरी त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोललो. गुडघेदुखीवाल्यांना हॉलमध्ये असाल तर हात वर करा असं आवाहन केलं. एक हात वर झाला, पण तो वाढप्याला बोलावत होता. मोबाइल कंपनीपर्यंत पोचलो तेव्हा खुर्च्या घडी करणारा माणूस चौथ्या रांगेवर आला होता. तिसऱ्या रांगेत ही एकटी बसलेली, म्हणून तो थांबला.

ती ऐकत होती. अख्ख्या हॉलमध्ये ती एकटीच ऐकत होती.

एक क्षण मला वाटलं कागद बाजूला ठेवावा. तिच्याकडे पाहावं आणि सरळ म्हणावं. पण कागदावर बरं असतं, जे लिहिलंय ते वाचता येतं. मी वाचलं. सौभाग्यवतीचे आभार मानून तिला परकं करणार नाही. मग तिचं वाक्यही वाचलं, तिच्याच चालीत, माइकवरून: मला एकदा परकं करूनच बघा, परक्यांशी किती छान बोलता तुम्ही!

खुर्च्यावाला हसला.

ही उठली. स्वतःची खुर्ची स्वतः घडी केली आणि त्याच्या हातात दिली. त्याच्याशी काहीतरी बोलली, ते मला माइकच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग जेवणाच्या रांगेत जाऊन कोचच्या मागे उभी राहिली.

२४ मार्च, रविवार
भाषण एकंदरीत यशस्वी. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा असतो. रांगेत कोच हिच्याशी बराच वेळ बोलत होते, ती गोलकीपरबद्दल काही सांगत होती. घरी येताना विचारलं काय म्हणत होते, तर म्हणाली विशेष काही नाही.

सकाळी दुकानात निघताना तिला पिशवी उचलून दिली. थँक्यू म्हणाली. बघा! आभाराचं महत्त्व पटलं. भाषण वाया गेलं नाही.

२६ मार्च, मंगळवार
घरात सुसंस्कृतपणा वाढतो आहे. जेवताना ही म्हणाली, मीठ देता का जरा, प्लीज. दिलं. थँक्यू. मीही म्हटलं, वेलकम. अगदी मोठ्या हॉटेलात जेवल्यासारखं वाटलं.

एवढंच की थँक्यूनंतर ती पुढे बोलत नाही. पूर्वी मीठ मागताना शेजारणीचं काहीतरी सांगायची, मी म्हणायचो जेवू दे आता. आज जेवण झालं तरी कोणी काही बोललं नव्हतं. घड्याळाचा आवाज एवढा येतो हे माहीत नव्हतं.

२८ मार्च, गुरुवार
ब्लॉगवर काही टाकलं नाही. लिहायला काही नाही. गुडघेदुखीवाल्यांनी जुन्याच लेखावर पुन्हा 'छान लेख' लिहिलंय, तोच मजकूर, तेच तेल. कॅशियर बाईंना दाखवलं नाही.

दुकानात एक नवरा-बायको स्वयंपाकघराच्या फरशीवरून एकमेकांवर वसावसा ओरडत होते. मी मध्ये पडलो नाही. ऐकत उभा राहिलो. हेवा वाटला.

३० मार्च, शनिवार
सकाळी लवकर जाग आली. चहा केला, पहिल्यांदाच असेल, आणि हिला नेऊन दिला. ती उठून बसली, केस सारखे केले, पदर नीट घेतला. म्हणाली, अहो, तुम्ही कशाला उगाच त्रास घेतलात, आभारी आहे हं. गोड आवाजात. याच आवाजात ती कुरिअरवाल्याशी बोलते.

मी कॉटच्या कडेला बसलो. आज कागद नव्हता. तिने अख्खा सीझन वाऱ्यात उभं राहून पाहिलेले सामने, ती सर्दी, माझे ते लेख प्रत्येक वेळी वाचणं, सगळं बोलायचं होतं. शब्द जुळवत होतो आणि तोंडातून आलं, पुढच्या सीझनला मैदानावर जाशील ना?

तिने चहाचा घोट घेतला. छान झालाय म्हणाली. मग म्हणाली, बघते. कळवते तुम्हाला.

मी घाबरलो. त्याला दुसरा शब्द नाही.

इतकी वर्षं फरशा विकतोय. गिऱ्हाईक नमुना हातात घेतं, उलटसुलट करतं, छान आहे म्हणतं, कळवते म्हणतं. मी हसून दार उघडून देतो. ते गेलं की नमुना परत रॅकवर लावतो. कळवते म्हणून गेलेलं कोणी परत आल्याचं मला आठवत नाही.