बॉडी माझी, इंजिन वामनचं

लिहून ठेवणार: श्रीमती वच्छलाबाई दौलतराव भोयर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा फायबरचे कूलर बनवणे व दुरुस्त करणे, राहणार लोहारा, यवतमाळ. (नवरा होता तोवर त्याचं नाव मी उखाण्यातच काय ते घेतलं. कागदावर मात्र प्रत्येक पानावर घ्यावं लागतं. त्याला गंमत वाटली असती.)

हे मृत्युपत्र मी माझ्या वर्कशॉपमध्ये, दिवसाउजेडी, चहा पिऊन, शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. बीपीची एक गोळी सोडली तर मला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला माझा भाचा रजत येऊन गेला, त्याचं पुढे येईलच. यातले कायद्याचे शब्द वकीलसाहेबांचे आहेत. बाकीचे माझे आहेत, आणि त्यांनी खोडायला सांगूनही मी ते खोडलेले नाहीत.

कलम एक. लोहाऱ्याचं राहतं घर, त्यातील भांडीकुंडी, दागिने आणि बँकेत त्या दिवशी जे काही निघेल ते, सर्व माझी एकुलती एक मुलगी निशिगंधा हिला मिळावे. ती नागपूरला शाळेत शिकवते. घर विकायचं की ठेवायचं हे तिनं ठरवावं. घराला धरून रडत बसू नये. मागच्या खोलीची कौलं गळतात, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, ते इथं सांगते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम दोन. वर्कशॉपमधील सर्व साचे, दोन्ही ग्राइंडर, ड्रिल, रेझिनचे ड्रम आणि 'भोयर कूलर' हे नाव प्रियंका मेश्राम हिला मिळावे. ती माझ्याकडे बारा वर्षांपासून आहे. गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा गोड बोलते, त्यामुळे धंदा वाढेल. वर्कशॉपची जागा भाड्याची आहे, ती मी देऊ शकत नाही. शेजारचे भावसिंग राठोड यांच्या गच्चीवरच्या पापडांवर आमच्या ग्राइंडरची धूळ जाते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. प्रियंकानं उन्हाळ्यात तरी ताडपत्री लावावी. मी लावली नाही, कारण ते सांगायला यायचे ते ओरडतच यायचे.

कलम तीन. माझ्या माहेरच्या, म्हणजे पुसद तालुक्यातल्या पारडीच्या शेतात माझा काहीही हक्क नाही. वडील गेल्यावर वर्षाच्या आत मी हक्कसोडीच्या कागदावर सही केली. आपल्याकडे बहिणी करतात तशी केली. कोणी जबरदस्ती केली नाही, विचारलंही नाही. पेन हातात दिलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. मला त्याचं वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं. त्या दिवशी भावजय इंदूबाईनं मला साडी नेसवली, तिचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. पुढे कित्येक वर्षं मी इंदूबाईशी कामापुरतंच बोलले. ती साडी मी पुढच्या कलमातल्या बोटीच्या कामात रेझिन पुसायला फाडून वापरली. सुती होती, चांगली कामाला आली.

कलम चार. बोट.

हे कलम सगळ्यात लांब आहे, कारण बाकी काही मी मिळवलं असेल, पण बोट मी केली.

धरण झालं आणि पारडीच्या खालच्या अंगाला पैनगंगेच्या अडलेल्या पाण्याचा फुगवटा आला. पूर्वी नदी ओलांडली की इंदूबाईचं माहेर होतं. आता समोर गाव दिसतं, देवळाचा कळस दिसतो, पण जायचं तर रस्त्यानं अख्खा दिवस मोडतो आणि दोन बस बदलाव्या लागतात. तिची आई सुखीबाई तिथे आहे, नव्वदीच्या घरातली.

या फुगवट्यावर कधीकाळी पाहणीसाठी फिरणारी फायबरची एक मोटारबोट लिलावात निघाली. ती ज्यानं घेतली त्याला ती पेलली नाही, आणि माझा धाकटा भाऊ, इंदूबाईचा नवरा वामनराव, यानं गव्हाच्या दोन पोत्यांच्या बदल्यात ती घरी आणली. कशाला? तर गव्हाण म्हणून. मी भाऊबीजेला गेले तेव्हा त्या बोटीत कुटार भरलेलं होतं आणि बैल काठावरून माना घालून खात होते. मी हात फिरवून बघितलं. तळाला तडे होते, मागची फळी कुजली होती, पण बॉडी अस्सल होती. आजकालच्या कूलरला असं फायबर कोणी घालत नाही. ओवाळून झाल्यावर वामननं विचारलं काय देऊ, मी म्हटलं ही दे.

"बाई, त्यात बैलं खाऊन राह्यले ना वं. चांगली साडी घे."

"साडी तुमच्या घरची पाह्यली मी एक डाव," मी म्हटलं. इंदूबाई आत निघून गेली.

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोहाऱ्याला आली. बैलांसाठी वामनला सिमेंटची गव्हाण बांधावी लागली, ते तो अजून ऐकवतो. कूलरचा हंगाम संपला की प्रियंका आणि मी बोटीला लागायचो. तडे ग्राइंडरनं उघडे केले, फायबरची मॅट थरावर थर बसवली, वरून जेलकोट दिला. पहिल्या वर्षी मे महिन्यात घाई केली तर रेझिन डब्यातच दगड झालं, तेव्हापासून हे काम दिवाळीनंतरच करायचं ठरलं. मागची फळी सागवानाची घातली. ज्यानं ही बोट पुढे दुरुस्त करायची त्यानं तिथे प्लाय घालू नये, कोणी कितीही वॉटरप्रूफ म्हटलं तरी.

इंजिन वामनचं. विहिरीवर विजेची मोटार आल्यापासून त्याचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून होतं. त्यानं ते खोललं, घासलं, रिंगा बदलल्या आणि बोटीत स्वतः बसवलं. शाफ्ट जिथून बाहेर निघतो तिथे पाणी येऊ नये म्हणून पंपाला भरतात तीच दोरी भरली. पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा आम्ही भंगारातून आणला. बोट पुन्हा पारडीला नेली, नारळ फोडला, सगळं गाव काठावर आलं. इंदूबाई पुढच्या फळीवर माहेराकडे तोंड करून बसली, मांडीवर आईसाठी करंज्यांचा डबा. वामननं हँडल मारलं आणि बोट मागे आली. सरळ मागे, आमच्याच चिखलात.

"उलटी कायले चालली हे?" इंदूबाईनं मान न वळवता विचारलं.

"इंजिन बराबर हाये," वामन म्हणाला. "तुह्या बॉडीतच काई तरी हाये, बाई."

"बॉडीले पुढचं-मागचं काय समजते?" मी म्हटलं.

पंखा उलट्या पिळाचा निघाला. दोष बॉडीचा की इंजिनाचा यावर आम्ही बहीणभाऊ दिवसभर भांडलो आणि करंज्या काठावरच्या लोकांनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी वामननं इंजिनाचंच तोंड फिरवून बसवलं आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला शाफ्ट जोडला. बोट पुढे निघाली. वामनला इंजिन सोडवेना, माझे गुडघे मला उठू देईनात, म्हणून सुकाणू इंदूबाईनं धरलं. लहानपणापासून बैलबंडी हाकलेली बाई ती. आम्ही पलीकडे लागलो तेव्हा सुखीबाई काठावर येऊन उभी होती. तिनं आधी लेकीला बघितलं, मग बोटीला बघितलं, आणि म्हणाली, "आता रोज येशील का वं?" त्या वेळी मला रडू आलं. मी डोळ्यांत धूर गेला म्हणाले.

तेव्हापासून इंदूबाई दर आठवड्याला जाते. आता इंजिनही तीच चालू करते. नोंदणीच्या कागदावर बोट माझ्या नावे आहे, पण ती बोट कोणाला वापरता येते हे अख्ख्या फुगवट्याला माहीत आहे.

म्हणून मी असे लिहिले होते: सदर बोट माझ्या पश्चात माझी भावजय सौ. इंदूबाई वामनराव गावंडे हिला मिळावी. साडीचा हिशोब मिटला असे तिने समजावे. बोटीत तरंगायच्या जाकिटांशिवाय कोणी बसू नये. उन्हाळ्यात पाणी हटले की बोट ओढून लिंबाखाली घ्यावी आणि तिच्यात पुन्हा कुटार भरू नये.

वकीलसाहेब म्हणाले, बाई, बॉडी तुमची आहे, ती द्या. इंजिन तुमच्या भावाचं आहे, जे तुमचं नाही ते तुम्हाला देता येत नाही. मला याचीच भीती होती. वामननंतर इंजिन जाईल त्याच्या मुलाकडे, रजतकडे. बॉडी एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे झालं की बोट संपली.

कलम पाच. रजत वामनराव गावंडे याच्याविषयी. मुलगा वाईट नाही. पण महागाव रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉनवाल्यानं त्याच्या डोक्यात भरवलं की बोट लॉनवर ठेवायची, नवरा-नवरी तिच्यातून एन्ट्री घेतील, खालून पांढरा धूर सोडायचा. तो मला सांगायला लोहाऱ्याला आला.

"आत्या, अशीबी ते उन्हाळाभर पडून राह्यते. तू फक्त एक सही करून दे."

"सही कराची हौस माही फिटली, बाबू," मी म्हटलं. चहा पाजून परत पाठवलं. रजतला माझा घरचा मोठा कूलर मिळावा. तो त्यानं थेट डोक्यावर हवा लागेल असा ठेवावा.

कलम सहा. माझे क्रियाकर्म यवतमाळलाच, साधे करावे. राख बोटीतून नेऊन फुगवट्यात सोडायची कल्पना निशिगंधाला सुचेल, कारण ती अशीच आहे. करू नये. बोटीला दुसरी कामं आहेत.

कलम चारची दुरुस्ती. वरील मसुदा झाल्यावर वकीलसाहेबांनी बजावलं की हे कोणाला वाचून दाखवू नका. मी पारडीला गेले आणि वाचून दाखवलं. कपाशीची वेचणी चालू होती, इंदूबाई नुकतीच वावरातून आली होती, वामन ओसरीवर बसला होता. मला वाटलं होतं ती पाया पडेल, किंवा नको म्हणेल, दोन्हींतलं काही तरी. तिनं ओटीतला कापूस सोडून ठेवला आणि म्हणाली,

"मेल्यावर कायले देता, बाई? मी काय तुमच्या मरणाची वाट पाहत बसू?"

मी कागद खाली ठेवला.

"मायले भेटाले जाचं तं बोटीचं तुमाले फोन करून इचारा लागते. इंजिनाचं हँडल तुमच्या भावाले मांगा लागते. दर डाव. तुमी दोघंबी नाही म्हणत नाही, मले मालूम हाये. पण इचारा लागते ना. माही माय आता किती दिवसाची हाये? तुमी तं शंभर वर्सं जगान."

खरं होतं ते. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, "बाई, आज बोट नेऊ का?" मी त्याला रीतभात समजत होते, आणि मला तो फोन आवडायचा, हे लिहायला हरकत नाही.

 वामन उठला, आतल्या खुंटीवरचं हँडल काढून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "घे," म्हणाला. नंतर माझ्याकडे वळला. "कागदबी करून टाक, बाई. बॉडीचा अन् इंजिनाचा, एकाच कागदावर. पोट्टं उद्या माह्या डोक्यावर बसन."

त्याप्रमाणे मागच्या आठवड्यात बक्षीसपत्र झाले. बॉडी माझ्याकडून, इंजिन वामनकडून, दोन्ही सौ. इंदूबाईकडे. नोंदणीवरचे नावही बदलायला दिले आहे. सबब कलम चारप्रमाणे देण्यासाठी माझ्याकडे बोट उरलेली नाही, ते कलम रद्द समजावे. खोडायचं मात्र नाही, वाचता येईल असंच राहू द्यावं. यापुढे मला पलीकडे जायचं झालं तर मी इंदूबाईला फोन करून विचारीन.

साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. इंदूबाईला आता या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. म्हणून मी तिलाच बोलावून घेतले. आज ती बसने लोहाऱ्याला आली. पेन हातात घेतल्यावर तिने वकीलसाहेबांना विचारले, "साहेब, या सहीनं माह्यं काई जात तं नाही ना?" ते म्हणाले, नाही, तुमचं काहीच जात नाही. मग तिने पुन्हा माझ्याकडे बघून खात्री केली. माझ्या आग्रहाने ही नोंद इथे घेतली आहे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही केली. त्या दोघांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
(सही) वच्छलाबाई दौलतराव भोयर

साक्षीदार
१. (सही) भावसिंग राठोड, राहणार लोहारा, शेजारी
२. (सही) इंदूबाई वामनराव गावंडे, राहणार पारडी, तालुका पुसद, बोटमालक