पाइपातली गाठ

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७४

प्रिय चन्नम्मा,

करमाळ्याच्या घरी वीज येतेय, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या अव्वानं ही बातमी पेठभर सांगितली असती. तार ओढायला सोमवारी सिद्धारामकाका येणार, असं लिहिलंयस. म्हणून लगेच लिहायला बसलो.

बटणापासून दिव्यापर्यंत तार अखंड हवी. जोड द्यावाच लागला तर लाकडी पेटीत, चिनीमातीच्या कनेक्टरमध्ये, स्क्रूनं आवळून. कनेक्टर तारेच्या जाडीचा घ्यावा. दोन-चार पदर कापून लहानात कोंबलेली तार तापते. लोखंडी पाइपाच्या आत जोड मुळीच नको, आणि पाइपाला अर्थिंग हवंच.

हल्ली कुणाकडे गेलो की माझी नजर आधी तारांवर जाते. चिंधी गुंडाळलेला जोड दिसला की त्या घरचं पाणीही घशाखाली उतरत नाही. तुझा काका मागावरचा माणूस. धागा तुटला की न बघता चिमटीत गाठ मारतो. आपल्या परसातल्या दिव्याला तार कमी पडली, तेव्हा त्यानं दुसरा तुकडा तसाच पिळून जोडला, वर सूत गुंडाळलं आणि पाइपात सारला. कनेक्टर आणू का, असं मी विचारलं तर हसला. "अण्णा, तुमी हापिसात कागद लिवा की. माजी गाठ आजवर कुटं सुटलीय का?" गाठ सुटली नाहीच. सूत भिजलं.

अव्वा गेल्यावर आठवडाभर माणसं येत होती. बिचारा वहिनीसाठी किती रडतो, असं त्याचं कौतुक चाललं होतं. मला किळस येत होती. त्याची, आणि त्याहून माझी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो.

अव्वाचं हृदय बंद पडलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. ओलं लुगडं वाळत घालताना तिचा हात त्या पाइपाला लागला. तळहातावर काळा डाग पडला होता. तू पोचायच्या आत मी त्यावर विभूती थापली, भावाचं नाव निघू नये म्हणून. तुझ्या घरात त्यानं तारेला हात लावायचा नाही. कारण विचारलं तर हे पत्र त्याच्या हातात दे. त्यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तरी चालेल.

तुझाच,
अप्पा