अध्ययनखंडाचे कारण

अण्णा, तुमच्या चिरंजीवांनी पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठाच्या संस्कृत विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आहे. तुम्ही असता तर ‘मुद्द्याचं बोल’ म्हणाला असतात आणि पुन्हा उघड्या रेडिओत डोके घातले असतेत. मुद्दा असा, की अर्ज करणे ही अत्यंत सुलभ क्रिया आहे. दुर्बोध आहे ते तदनंतरचे. अर्ज पोहोचताच मोबाइलच्या पडद्यावर ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच उमटले आणि पुढे प्रदीर्घ मौन. प्रक्रियेत म्हणजे नक्की कशात, हे विचारायला दूरध्वनी केला, तर तिकडच्या बाईंनी संकेतस्थळ पाहायला सांगितले. संकेतस्थळाने दूरध्वनी करायला सांगितले. या अद्वैतावस्थेत मी बरेच दिवस काढले. मग प्रवेशपरीक्षा आली. वर्गाच्या दारात पर्यवेक्षकाने मला नम्रपणे अडवले. ‘पालकांनी बाहेर थांबावं,’ तो म्हणाला. मी प्रवेशपत्र पुढे केले. त्याने छायाचित्र पाहिले, मला पाहिले, आणि ‘बसा सर’ म्हणत बाजूला झाला. विद्यार्थ्याला सर म्हणवून घेण्याचा हा योग विरळाच म्हणायचा.

यथावकाश गुणवत्ता यादी लागली आणि तीत तळाच्या बाजूला का होईना, मी प्रकट झालो. तुमच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारले, की आता आपल्याला डबा द्यायचा का आपण कॅन्टीनला जाणार. परंतु यादीखाली सूक्ष्माक्षरांत एक अट होती. पदवी आणि प्रस्तुत प्रवेश यांमध्ये खंड पडला असल्यास त्याचे कारण प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे शपथेवर, नमूद करावे. इतरांचे खंड वर्षा-दोन वर्षांचे. माझ्या बाबतीत खंड हेच आयुष्य आणि शिक्षण हा त्यातला किरकोळ व्यत्यय.

तरी मी निर्धास्त होतो, कारण ते कारण माझ्याजवळ तयार होते. तीस-एक वर्षे मी ते सर्वांना ऐकवत आलो आहे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तुमच्या भावी सूनबाईंनाही तेच ऐकवले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जी करुणा दिसली तिच्यावरच आमचा विवाह उभा आहे. शिवाजीनगरला कोर्टाबाहेर टंकलेखन करणाऱ्या एक बाई बसतात. त्यांच्यासमोर उभा राहून मी धीरगंभीर स्वरात सांगितले, ‘लिहा. पितृआज्ञेनुसार कौटुंबिक व्यवसायात प्रविष्ट व्हावे लागल्याने उच्च शिक्षण खंडित झाले.’ बाई म्हणाल्या, ‘घरगुती अडचण लिहू का? सगळे तेच लिहितात.’ मी म्हणालो, अडचण नव्हे, आज्ञा. त्यांनी निमूटपणे ‘वडिलांच्या इच्छेनुसार’ असे टाइप केले आणि शपथ घेण्याआधी पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागेल, असे सांगितले.

प्रमाणपत्र दुकानाच्या पोटमाळ्यावर, लोखंडी ट्रंकेत. बुधवार पेठेतले तुमचे दुकान अजून तिथेच आहे, अण्णा. फक्त आता तिथे रेडिओ कोणी आणत नाही, मोबाइलची आवरणे आणि चार्जर विकले जातात. वर मी कित्येक वर्षांत चढलो नव्हतो. खोकी बाजूला करता करता हातातल्या मोबाइलचा उजेड गेला, चार्जिंग संपले. अंधारात भिंत चाचपत मी प्लगची जागा शोधू लागलो, आणि खोक्यांच्या मागे तुम्ही केलेले ते लाकडी टेबल हाताला लागले. त्यावर तो वाकड्या मानेचा दिवा. भिंतीत एक पॉइंट. दुसरा शोधला. नाही. टेबलाच्या दोन्ही अंगांना हात फिरवला, खाली बसून चाचपले. एकच.

बी. ए. चा निकाल लागला त्या आठवड्यातला मी तुम्हाला दिसतो का, अण्णा? मला तुम्ही दिसता. दुपारी जेवायला घरी येत नाही आहात. वरून ठोकाठोक ऐकू येते आहे. मी खाली गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला त्याच्या ट्रान्झिस्टरच्या बिघाडाची मीमांसा ऐकवतो आहे, आणि तुम्ही वरूनच ओरडता, ‘त्याला अर्थ नकोय, आवाज हवाय.’ संध्याकाळी खाली उतरून, शर्टावरचा भुसा झटकत, माझ्याकडे न बघता म्हणता, ‘वर जागा केलीय.’ एवढेच. दुरुस्तीचे दुसरे टेबल मांडले, आता मला जुंपणार, असे मी समजलो. रात्रभर मनातल्या मनात हुतात्मा झालो आणि सकाळी स्वतःच सांगितले, की उद्यापासून मी दुकानात पूर्णवेळ बसतो. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलेत. मग ‘बरं’ म्हणालात. वर कोणीच बसले नाही. हळूहळू तिथे रिकामी खोकी जाऊ लागली.

पण अण्णा, दुरुस्तीच्या टेबलाला एका पॉइंटवर कसे भागेल? सोल्डरिंग गनला एक, उघडलेल्या रेडिओला एक, तपासणीच्या बल्बला एक. खालच्या तुमच्या टेबलाला तर तुम्ही सहा दिले होतेत, आणि तरी ‘कमी पडतात’ म्हणून कुरकुरत होतात. वायरिंगमध्ये तुम्ही कधी विसरला नाहीत, चुकला नाहीत. मग एकच पॉइंट आणि एकच वाचायचा दिवा असलेल्या टेबलाशी माणसाने काय करावे, अशी तुमची अपेक्षा होती? की वायर संपली होती? की उरलेले पॉइंट नंतर द्यायचे होते आणि मी कधी वर चढलोच नाही म्हणून राहून गेले? मी सूनबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे मी इतकी वर्षं उगाच कळवळले?’

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन कोर्टाबाहेरच्या बाईंकडे गेलो. कागदपत्रे स्वीकारण्याचा तो शेवटचा दिवस. म्हणालो, ‘वडिलांच्या इच्छेनुसार’ हे काढावे लागेल. बाईंनी चष्म्यावरून पाहिले. ‘मग आता कोणाची इच्छा लिहू?’ प्रश्न साधा होता आणि माझ्याजवळ, उभ्या आयुष्यात प्रथमच, एकही समास नव्हता. बाई म्हणाल्या, ‘काका, मागे लोक खोळंबलेत. कारण कोणी वाचत नाही हो.’ मी म्हणालो, माझी लिहा. त्यांनी ‘स्वेच्छेने’ असे टाइप केले, मी आत जाऊन शपथ घेतली आणि विद्यापीठातल्या लिपिकाने खरोखरच न वाचता शिक्का मारला. प्रवेश निश्चित झाला आहे. सोमवारपासून तास.

हे मी वर बसून लिहितो आहे. दिवा पेटतो, बल्ब तेवढा नवा घातला. शपथेवर जे सांगितले ते खरे की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि ते सांगू शकणारे एकटे तुम्ही. तेव्हा हा कागद याच टेबलाच्या खणात राहील. खाली दुकानात मल्टिप्लगचा ढीग पडला आहे. एक आणून लावला की सगळी सोय होते. तो मी अजून आणलेला नाही. मोबाइल चार्ज करायचा झाला की खाली जातो.