सव्वा मूठ गहू

मेहरूण, जळगाव
६ जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू ते कानाचं मशीन पुन्हा कपाटात टाकलंस म्हणे. म्हणजे फोनवर ओरडण्यात अर्थ नाही, पत्रच लिहितो. अक्षर बघून मास्तरीणबाई लाल शाई काढणार, काढ बापडी.

मोहिनी साक्रीला जाऊन पंधरा दिवस झाले. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून दोन महिन्यांची रजा घेऊन ती तिकडेच आहे. जाताना तिने माझ्याकडे एकच मागितलं, पोरांचं रविवारचं चर्च आणि संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका. लग्नाला तेरा वर्षं झाली, तिने मला कधी ओढलं नाही आणि मी कधी आत गेलो नाही. दर रविवारी स्कूटर बाहेर लावून कडुलिंबाखाली पेपर वाचत बसायचो. आता चंदन म्हणतो, आम्ही लहान आहोत, आमच्यासोबत कुणीतरी मोठं हवं. नऊ वर्षांचं पोर, पण बोलतं आजोबासारखं! मग गेलो आत. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, काही कळेना. त्याने गीतांच्या पुस्तकात ओळीखाली बोट धरलं आणि गाणं संपेपर्यंत माझ्यासाठी ते सरकवत राहिला. त्याची बहीण भूमिका शेजारी हसू दाबत होती.

आता खरी बातमी. परवा असोद्याहून मायचा फोन आला. यंदा श्रावणात कानबाई देवी बसेल, तेव्हा नैवेद्याच्या रोटांच्या गव्हात माझ्या नावाची मूठ धरणार, आणि चंदनच्याही! ख्रिस्ती बायको केली म्हणून तेरा वर्षं त्या घरात माझ्या नावाचे सव्वा मूठ गहू मोजले गेले नाहीत. मी उंबऱ्यात दिसलो तरी योगराजभाऊ पाठ फिरवायचा. मायने म्हणे तीन दिवस भाकरी तोंडाला लावली नाही, तेव्हा कुठे भाऊ नमला. मी रडलो गं अक्का. हो म्हणालो, शंभर वेळा हो म्हणालो. चंदन येईल, पाटावर बसेल, रोट खाईल, सगळं कबूल केलं.

संध्याकाळी पोरांना सांगितलं. चंदन हळूच म्हणाला, ते कानबाईला वाहिलेलं असतं ना, मी नाही खाणार. भूमिकाने विचारलं, हो म्हणण्याआधी तुम्ही त्याला का नाही विचारलं? नऊ वर्षांच्या पोराला विचारायचं असतं हे आपल्या घरात कुणाला माहीत होतं? इकडे आड, तिकडे विहीर. तूच काहीतरी वाट दाखव.

रागाव हवी तेवढी, पण लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
हेमराज


॥ श्री ॥
धुळे
११ जुलै २०२५

चि. हेमराजास,
अ. उ. आ.

पत्रात अकरा चुका आहेत. सगळ्यात मोठी, न विचारता हो म्हणालास ती. लहानपणापासून तुझं हेच. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि हो म्हणून मोकळं व्हायचं. निस्तरायला अक्का आहेच!

पण आता मागे फिरू नकोस. माय ऐंशीची आहे, काळजाचं दुखणं आहे. भाऊबंदांची बोलणी खाऊन तिने हे मिळवलंय. आणि मोजलेल्या गव्हाचं तुला माहीत आहे. ज्याच्या नावाने मूठ पडली त्याने तो रोट खायचा, पौर्णिमेपर्यंत घरातल्या घरात संपवायचा, उंबऱ्याबाहेर कण जाऊ द्यायचा नाही. उरलं तर घराला बरं नसतं. वर्षभरात कुणाला ठेच लागली तरी भाऊ मायलाच बोलेल.

माझं ऐक. पोराला सांग, पुरणपोळीसारखंच असतं, आजीने केलंय, एक घास खा. एका घासाने कुणाचा देव पळून जात नाही. मोहिनीला कळवायची गरज नाही, तिला तिथे व्याप कमी आहेत का? भूमिकालाही दटावून ठेव. पोरगी तिखट आहे, कुणावर गेली ते मी सांगत नाही.

पोरांना गोड पापा. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर थोडी.

तुझी अक्का,
सुगंधा


मेहरूण, जळगाव
२० जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो.

चंदनला जवळ घेऊन सांगितलं, एकच घास, आणि मम्मीला सांगायचं नाही. तो म्हणाला, मी एक घास खाल्ला तर आजीला वाटेल मनापासून खाल्ला, मग ते तिला फसवणं झालं. मम्मीला पण फसवणं झालं. मी म्हटलं, तुझा देव रागावेल म्हणून घाबरतोस का? तर म्हणे, नाही, मला आजीशी खोटं वागायचं नाही. मी इतके दिवस समजत होतो, पोरगं भितंय.

भूमिकाचं वेगळंच. तिने विचारलं, माझी मूठ केवढी? मी म्हटलं, बाळा, मुठी फक्त पुरुषांच्या असतात. मग म्हणाली, म्हणजे मी नाही खाल्लं तरी कुणाला काही वाटणार नाही, कारण मी मोजलेलीच नाही. मी उठून पाणी प्यायला गेलो.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. डोळे मिटायचे असतात, मी अर्धे उघडे ठेवतो. चंदनने रोजची नावं घेतली, साक्रीच्या आजोबांसाठी मागितलं, गणिताच्या चाचणीसाठी मागितलं आणि त्याच सुरात म्हणाला, प्रभू, पप्पांना आजीची भीती वाटते, काकांची वाटते, मम्मीची पण वाटते, त्यांना रागावू नको, धीर दे. अक्का, पोरगं माझ्यावर चिडलं असतं तर परवडलं असतं. बेचाळीस वर्षांत माझी भीती कुणी अशी नावं घेऊन सांगितली नव्हती. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

गुरुवारी हिय्या करून असोद्याला गेलो, मायला सांगायचंच म्हणून. तिने चंदनसाठी शिवून घेतलेला सदरा दाखवला. गहू निवडून, मोजून ठेवलेत म्हणाली. त्याची मूठ तिने स्वतः टाकली, जरा जास्तच भरून. मी चहा प्यालो, तिने दिलेली केळ्यांची फणी घेतली आणि परत आलो. सांगायचं ते राहिलंच.

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मोठी माणसं पुढे जाऊन भाकरीचा तुकडा घेतात. इथे पोरांना थोडं मोठं होईपर्यंत मिळत नाही, मला तर नाहीच. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. चंदन कानात म्हणाला, बघा, आपण इथे खात नाही तरी कुणी ऊठ म्हणत नाही, मी आजीकडे असाच बसेन. त्याला वाटतं सगळी घरं तशीच असतात. आता त्याला काय सांगू, आणि मायला काय सांगू? दोन आठवडे उरलेत.

तुझ्या लाल शाईला घाबरणारा,
हेमराज


॥ श्री ॥
धुळे
२६ जुलै २०२५

चि. हेमराजास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवस देवघरात पडून होतं. भूमिकाने प्रश्न तुला विचारला, लागला मला. लग्नाआधी वीस वर्षं मी ते गहू निवडले, चक्की धुऊन पुसून घेतली, दळण कुणाचा हात लागू न देता घरी आणलं. सासरीही तेच केलं. चौसष्ट वर्षांची झाले, कुठल्याच घरात माझ्या नावाची मूठ पडली नाही. आणि मी कधी विचारलंही नाही. वाटायचं, विचारलं तर देवी कोपेल. कोपतात ती माणसं, हे आत्ता कळतंय.

मी कानबाई सोडणार नाही, भलता समज करून घेऊ नकोस. पण मागच्या पत्रातला सल्ला परत घेते. लेकराला खोटं शिकवायला निघाले होते मी, जन्मभर मास्तरकी करून!

आता एक बजावते. मायला हे तू सांगायचं. पोराला पुढे करून त्याच्या तोंडून वदवून घेऊ नकोस. तो सांगेलच, त्याला भीती नाही. म्हणूनच तू सांग, आणि पंगत बसायच्या आधी सांग.

आशीर्वाद आहेच, या वेळी जरा जास्त.

तुझी अक्का


मेहरूण, जळगाव
५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पंगत बसायच्या आधी सांगितलं नाही. घाल शिव्या.

रविवारी सकाळी चर्च केलं आणि तिथूनच असोद्याची बस धरली. चंदनने मायने शिवलेला सदरा घातला होता. कानबाई बसलेली, घरभर पुरणाचा वास, तेरा वर्षांनी मी त्या ओसरीवर पाटावर बसलो. दोनदा मायच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. मग तिने स्वतः चंदनच्या पानात रोट वाढला, वर तुपाची धार धरली. चंदनने माझ्याकडे पाहिलं. हट्ट नव्हता गं त्या नजरेत, तो माझी वाट बघत होता. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात मीच बोललो. म्हटलं, माय, हा खाणार नाही. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्यापासून लपवलं ते मी.

पंगतीतले हात थांबले. भाऊ म्हणाला, मोजलेलं अन्न नाकारणाऱ्याला या घरात पाट नाही, आणि त्याच्या बापालाही नाही, पुढच्या वर्षापासून दोघांची मूठ बंद. मी माझा रोट संपवला आणि उठलो. चंदन आजीच्या पाया पडला, मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, आजी, सदरा खूप छान आहे. माय त्याचं ताट उचलून आत गेली, एवढंच दिसलं.

मला वाटलं होतं खरं बोललं की मोकळं वाटतं. नाही वाटत, अक्का. तेरा वर्षांनी उघडलेलं दार मी माझ्याच तोंडाने लावून आलो. मोहिनीलाही फोनवर सगळं सांगितलं. चंदनचं तिला काही वाटलं नाही, मी महिनाभर लपवलं याचं वाटलं. ती अजून नीट बोलत नाही. इकडे तोंड करावं तर भिंत, तिकडे करावं तर भिंत. पोरं मात्र शांत झोपतात.

पौर्णिमेला तू भाऊला राखी बांधायला जाशीलच. माय जेवते ना, तेवढं बघ.

तुझा,
हेमराज


॥ श्री ॥
धुळे
१० ऑगस्ट २०२५

चि. हेमराजास,
अ. उ. आ.

शिव्या राखून ठेवल्यात. उशिरा का होईना, तू बोललास.

काल असोद्याला जाऊन आले. भाऊने राखी बांधून घेतली. तुझं नाव काढलं तर उठून गोठ्याकडे गेला. तो पुढच्या वर्षीही नमणार नाही, आशेवर राहू नकोस.

आता मायचं ऐक. चंदनच्या नावाचा रोट तिने फडक्यात बांधून ठेवला होता. तोंडात चार दात, डॉक्टरने गोड बंद केलेलं, तरी रोज थोडा थोडा दुधात भिजवून तिने एकटीने खाल्ला. भाऊ ओरडला, तर म्हणाली, पोराच्या नावाचं आहे, उरलं तर त्याले बाधंल. काल पौर्णिमेला शेवटचा तुकडा माझ्यासमोर संपवला आणि फडकं झटकून मला दाखवलं. मला तिथेच रडू आलं.

निघताना तिने मला बाजूला घेतलं. तिच्यासाठी कानाचं मशीन लावून गेले होते बरं का. म्हणाली, पोरगं माह्याशी खोटं नही वागलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, त्याले विचार, तो सांजच्याले त्याच्या देवापाशी बसतो, तव्हा माह्यं नाव घेतो का?

लवकर कळव.

तुझी अक्का


मेहरूण, जळगाव
१४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मायला सांग, तिचं नाव असतं. रोज, सगळ्यात आधी.

पण त्या रविवारी असोद्याहून घरी आल्यावर चंदन मला म्हणाला, आजीचं नाव आजपासून तुम्ही घ्या, ती तुमची माय आहे. तेव्हापासून मीच घेतो. कुणापुढे घेतो ते मला अजून नीट कळलेलं नाही. तिच्यामागून भाऊचंही घेतो, तेव्हा अडखळतो, मग चंदन थांबतो माझ्यासाठी.

डोळे मात्र आता पूर्ण मिटतो.

तुझा,
हेमराज