मावळच्या तांदळातला खडा

मु. वाडी, चाकणजवळ
होळी होऊन सहावा दिवस, सन १९५७

चि. गवरास,

आजीचा आशीर्वाद. इकडे सगळं जागच्या जागी आहे. तिकडचं तू सांगणार नाहीस, तेव्हा विचारत नाही.

अक्षर माझंच आहे. मास्तर लिहून देतो म्हणाला होता, पण तो दर ओळीला थांबून "आजी, हे असं नको, जरा गोड लिहू" म्हणतो. माझी दुसरी इयत्ता पुरी झालेली नाही, तरी हे दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही. आज तिसरा दिवस आहे लिहायला बसल्याला. वाचायला त्रास होईल, तो करून घे.

कांदा काढणीला आला. म्हैस आटली. वेशीजवळच्या विहिरीवर यंदा पंप बसवला, त्याचा आवाज इतका होतो की शेजारच्या बायांची भांडणं ऐकू येत नाहीत, तेवढंच नुकसान. मी एक भाकरी करते. अर्धी सकाळी, अर्धी सांजच्याला. कुणी नाही म्हणून जेवण जात नाही असं काही नाही, उगाच मनात आणू नकोस. एका माणसाला एक भाकरी पुरते.

चांदभाई कांद्याची गाडी घेऊन पिंपरीच्या कॅम्पात जातो ते तुला ठाऊक आहे. तिथं त्याला तुझा गेनबामामा भेटला. मामाने सांगितलं, गवराची नोकरी जायची पाळी आली आहे. चांदभाईने मला सांगताना नजर खाली घातली. मी म्हणाले, "काय चोरी केली का तिनं?" तर म्हणाला, "न्हाई मावशी, लई नीट काम करती म्हणून काढत्यात." असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणून मी सोमवारी आले होते. तुला भेटले नाही.

एस्टीने नाशिकफाट्याला उतरले, तिथून चालत पिंपरीला तुझ्या काचेच्या कारखान्यापर्यंत. फाटकावर तुमचे मुकादम उद्धवराव भेटले. माणूस बरा आहे, मला सावलीत बसवून पाणी दिलं. "कोण पाहिजे, आजी?"

"गवरा. बाटल्या तपासती ती."

"तुमी तिच्या कोण?"

"कुणी न्हाई. गावची हाय," मी म्हणाले. नात सांगितली असती तर त्यांनी तुला बोलावलं असतं.

गावची म्हटल्यावर ते मोकळे बोलले. "मग जरा समजावा की तिला. शंभर बाटल्या दिल्या तर चाळीस बाजूला काढती. दुसरी बाई परत बघती, तर त्यातल्या सदतीस चांगल्या. मी म्हणलं, बाई, हिच्यात चीर कुठं हाय ती दाखव. तर म्हणती, दिसत न्हाई साहेब, पण असणार."

"डोळं अधू असतील."

"डाक्टरला दाखवलं. डोळं एक नंबर. दुपारच्या सुट्टीत बाया भाकरी खात्यात, ही आपली त्याच बाटल्या परत फिरवत बसती. एखादी चांगली म्हणून पुढं सरकवायची म्हणलं की हात मागं घेती. पाडव्यापर्यंत बघतो. मग माझा इलाज न्हाई." मग डोकं खाजवत म्हणाले, "घरी कुणी खाष्ट सासूबिसू हाय का हो?"

"सासू न्हाई," मी म्हणाले. खोटं बोलले नाही.

त्यांनी मला शेडच्या बाजूच्या जाळीच्या खिडकीपाशी नेलं. तू एका अंगाने दिसत होतीस. पुढे काळी फळी, वर दिवा. तू बाटली उजेडात धरलीस, फिरवलीस, पालथी केलीस, परत फिरवलीस. मग मान वळवून मागे पाहिलंस. मागे नुसती भिंत होती. परत बाटली, परत मागे. उद्धवराव म्हणाले, "हे बघा, हे असं दिवसभर. कुणाला बघती, देव जाणे."

देवाला कशाला मध्ये घ्यायचं. मला ठाऊक होतं कुणाला बघतेस. तू सहा वर्षांची असल्यापासून सूप घेऊन ओट्यावर निवडायला बसायचीस, आणि मागे मी उभी असायचे.

मी तिथून निघाले. फाट्यावर दोन एस्ट्या रिकाम्या गेल्या, मी चढले नाही. तिसरीत चढले.

आता ज्यासाठी तीन दिवस कागद खराब करते आहे ते लिहिते.

तू निवडलेल्या धान्यात खडा कधीच नव्हता. तो मी टाकायची.

माझ्या ओच्यात चार-पाच खडे बांधलेले असायचे, नदीच्या वाळूतले, पांढरे, तांदळाएवढे. तू सूप पुढे केलंस की मी वरून हात फिरवायची आणि एक सोडायची. मग तोच उचलून तुझ्या नाकापुढे धरायची. "डोळे फुटले का? एवढा खडा दिसत नाही? तुझ्या हातचं कोण खाईल?" बाजरी असो, तूर असो, सणाला मावळातून आलेले तांदूळ असोत. तू परत निवडायला बसायचीस. कधी तीनदा, कधी पाचदा. तू कधी म्हणाली नाहीस की आजी, हा इथं नव्हता. म्हणाली असतीस तर मी थांबले असते का, ते माहीत नाही. बहुतेक नाही.

माझी सासू माझ्याशी असंच करायची, असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सासूने केलं ते घरात आणलेल्या बाईला केलं. तू सहा वर्षांची होतीस.

खरं असं आहे की तुझा बाप गेल्यापासून तू माझ्याकडे बघायचीच नाहीस. घास खायचीस, सांगितलेलं ऐकायचीस, पण नजर भुईला. खडा दाखवला की तेवढं वर बघायचीस. भ्यालेली का होईना, माझ्याकडे बघायचीस. मला तेवढं पुरायचं. लिहिताना हे मलाच घाण वाटतं आहे, पण लिहिलेलं राहू दे.

तुझ्या आईचंही मी सांगितलं ते तसं नव्हतं. तुझ्या किरकिरीला कंटाळून तुला टाकून गेली, असं मी म्हणत आले. तिने एक दिवस माझं मनगट धरलं आणि मूठ उघडली. खडा बघितला. तुला कडेवर घेतलं आणि माहेरी रावेतच्या वाटेला लागली. पोर आमच्या घराची आहे म्हणून मी तुला तिच्या कडेवरून ओढून घेतलं. ती तुला न्यायला दोनदा आली. दोनदा मी दारातून माघारी लावली. मग ती तिकडे तापाने गेली. गेनबाला विचार, एकदा तोही बरोबर होता. त्याने तुला आजवर सांगितलं नसेल तर माझी अब्रू राखायला नव्हे, तुला त्रास नको म्हणून.

आणि तुझा नवरा वारला, तू माझ्याकडे परत आलीस, तेव्हा चार बायांत तुला पांढऱ्या पायाची म्हणाले. त्याला तर कारण शोधूनही सापडत नाही. जीभ होती, चालवली. दुसऱ्या दिवशी तू मामाकडे गेलीस. बरं केलंस.

माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तू आजवर पुष्कळ केलं आहेस. ये असंही लिहीत नाही.

पण पाडवा आठ-नऊ दिवसांवर आला आहे, म्हणून सांगते. डोळे तुझे लहानपणापासून एक नंबर आहेत. डॉक्टरने आता सांगितलं, मला तेव्हाच ठाऊक होतं. बाटलीत चीर दिसत नसेल तर चीर नाही. मागे वळून बघायची सवय एकदम जाणार नाही, तर बघ. मागे भिंत आहे. मी इथं चाकणला आहे, दहा-बारा मैलांवर, आणि आता पायाने तिथवर फार वेळा यायची नाही.

चांदभाईच्या हाती एक गाठोडं पाठवलं आहे. तू जायच्या आदल्या दिवशी मावळचे तांदूळ निवडून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवले होतेस. त्यात हात घालायला मला वेळ मिळाला नव्हता. मडकं वर्षभर तसंच होतं. पिंपरीहून आल्यावर मी ते उन्हात काढलं आणि निवडायला बसले. एकदा निवडले. मग परत निवडले. मग तिसऱ्यांदा, एकेक दाणा बोटाने सरकवून, तू बसायचीस तशी. पाठ मोडली.

एक खडा निघाला नाही.

परत निवडत बसू नकोस. धुऊन सरळ आधणात सोड. दुपारच्या सुट्टीत डब्यात ने आणि सगळ्या बायांत बसून खा. कुणी विचारलं तर सांग, माझ्या हातचे आहेत.

हे मी तुला कधी म्हटलं नाही, आणि समोर असतीस तर आताही तोंडातून निघालं नसतं, म्हणून कागदावर लिहिते. तांदूळ चांगले निवडले होतेस.

ओचा मोकळा करून बसलेली,
सारजाबाई